मंत्रानं पाणी पडतं, तर गावात दुष्काळ कसा?

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं घेऊन गोष्ट खेळायच्या खेळाचं कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांची सलग गोष्ट, विदर्भात बसवलं की हा प्रश्न टेबलावर कधी ना कधी येणार. पुजाऱ्याचं पात्र घेतलेली मुलगी मंत्रांची यादी वाचते, तिला ‘क्रिएट ऑर डिस्ट्रॉय वॉटर’ सापडतो, आणि ती विचारते, “माझ्याजवळ पाणी पाडायचा मंत्र आहे, मग या गावातली कपाशी वाळतेच कशी?” डीएमनं, म्हणजे खेळ चालवणाऱ्यानं, “गोष्टीत तसंच आहे” असं म्हटलं की पुढचे प्रश्न बंद होतात आणि खेळही फिका पडतो. खरं तर उत्तर नियमांतच लिहिलेलं आहे.

हा मंत्र पहिल्या लेव्हलचा, म्हणजे सुरुवातीच्या पायरीचा. एकदा म्हटला की ३० फुटांच्या आतल्या उघड्या भांड्यात १० गॅलनपर्यंत स्वच्छ पाणी येतं, म्हणजे साधारण ३८ लिटर. पाण्याच्या २० लिटरच्या दोन कॅनसुद्धा त्यात काठोकाठ भरत नाहीत. किंवा तेच पाणी ३० फूट लांब, रुंद आणि उंच जागेत पाऊस म्हणून पाडता येतं. ३० गुणिले ३० म्हणजे ९०० चौरस फूट. तेवढ्या जागेवर ३८ लिटर पसरले तर अर्धा मिलिमीटरही पाऊस होत नाही. उघड्यावरचा जाळ विझेल, धूळ बसेल, कपाशीच्या मुळापर्यंत काही पोचणार नाही. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. एवढाच शिडकावा एकरभर करायचा तर मंत्र ४८-४९ वेळा म्हणावा लागेल, आणि पहिल्या लेव्हलच्या पुजाऱ्याजवळ दिवसाला स्लॉट, म्हणजे मंत्र म्हणायच्या संधी, असतात २. म्हणजे एका एकराला २४-२५ पुजारी, आणि त्या दिवशी त्यांच्यापैकी कोणी कोणाची जखम भरायची नाही.

दुष्काळ का आहे ते कळलं. पण हिशेब इथं थांबत नाही. गावात पुजारी एकच असेल, तर त्याचं रोजचं ७६ लिटर पाणी कोणाला मिळतं? बाळंतिणीला, आजाऱ्याला, की पाटलाच्या घोड्याला? हा पेच डीएमला बसून रचावा लागला नाही, नियमाच्या दोन ओळींतून निघाला. नियम वाचायचे ते यासाठी. नियम आणि जगाची कथा ही दोन वेगळी कामं आहेत असं समजून बसलेल्या डीएमची दोन्हीकडे ओढाताण होते.

खेळ थोडक्यात

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला. एक जण डन्जन मास्टर, म्हणजे डीएम. बाकीचे तीन ते पाच जण एकेक पात्र घेतात. डीएम प्रसंग सांगतो, खेळाडू काय करतात ते सांगतात, आणि जिथं निकाल अनिश्चित असेल तिथं वीस बाजूंचा फासा पडतो. या लेखातले आकडे २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे आहेत. तिच्या मूळ नियमांचा ‘एसआरडी ५.१’ हा संच जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत मिळतो. पीडीएफ आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा, वावरातल्या खोलीत रेंज मिळेलच असं नाही.

प्रत्येक पात्राचे सहा गुण असतात. सुरुवातीला १५, १४, १३, १२, १०, ८ हे आकडे मनाप्रमाणे वाटून द्या. गुणातून १० वजा करा, उरेल त्याचा निम्मा करा, अपूर्णांक आला तर खालचा पूर्णांक घ्या. तो मॉडिफायर. १५ चा +२, ८ चा −१.

फासे नसले तर

बहुबाजूंचे फासे तालुक्याच्या दुकानात बहुतेक मिळत नाहीत, आणि त्यांच्यासाठी थांबायची गरजही नाही. लुडोचा एक फासा, १ ते १० आकड्यांच्या दहा चिठ्ठ्या, एक स्टीलचा गिलास आणि एक नाणं पुरतं. वीसचा फासा हवा तेव्हा लुडोचा फासा टाका आणि एक चिठ्ठी काढा: फाशावर १ ते ३ आले तर चिठ्ठीचा आकडा तसाच, ४ ते ६ आले तर त्यात १० मिळवा. दहाच्या फाशाला नुसती चिठ्ठी. चारच्या फाशाला लुडोचा फासा, ५ किंवा ६ आले तर पुन्हा टाकायचा. आठच्या फाशाला हाच चारचा आकडा आणि नाणं, छापा पडला तर ४ मिळवा. बाराला लुडोचा फासा आणि नाणं, छापा पडला तर ६ मिळवा.

चिठ्ठी प्रत्येक वेळी परत गिलासात टाकून हलवायचीच. बाहेर ठेवली की उरलेल्या आकड्यांची शक्यता बदलते, आणि चौथ्या-पाचव्या चिठ्ठीपर्यंत हुशार खेळाडू काय उरलंय ते मोजू लागतो. वीसच्या ऐवजी तीन साधे फासे टाकून बेरीज करायची युक्तीही टाळा. तीन फाशांत १० किंवा ११ ही बेरीज चारातून एकदा येते आणि २० कधीच येत नाही, त्यामुळं सगळं गणित मधोमध गोळा होतं. कवड्या आणि फोडलेले चिंचोके यांचंही तसंच. चार टाकले तर दोन उताणे पडण्याचा प्रसंग फार वेळा येतो. चिंचोके हिट पॉइंट, म्हणजे पात्रात उरलेला जीव, मोजायला ठेवा. प्रत्येकासमोर त्याच्या हिट पॉइंटइतकी ढिगली, लागलं की उचलायचे. ढिगली उतरताना दिसली की टेबल आपोआप गप्प होतं.

नकाशाला शहाबादी फरशीवर खडूनं चौकटी आखा, एक चौकट पाच फुटांची. डावांचा क्रम लावायला कपड्यांच्या चिमट्यांवर नावं लिहून ते पुठ्ठ्याच्या कडेला ओळीनं अडकवा.

फासा कधी टाकायला लावायचा

फासा टाकायचा, मॉडिफायर मिळवायचा, त्या कामात पात्र तरबेज असेल तर प्रोफिशियन्सीचे +२ मिळवायचे, आणि बेरीज डीएमनं ठरवलेल्या डीसीइतकी (कामाच्या अवघडपणाच्या आकड्याइतकी) किंवा जास्त आली की काम झालं. सोप्या कामाला १०, मध्यमला १५, अवघडला २०.

नव्या डीएमची सगळ्यात महाग चूक इथं होते. गाविलगडासारख्या किल्ल्याचा तट चढायचाय, डीसी १५, पात्राचे एकूण +५. फाशावर १० किंवा जास्त हवेत, म्हणजे १०० पैकी ५५ वेळा जमेल. आता डीएम पायथ्याशी एकदा, मध्यावर एकदा आणि बुरुजाशी एकदा फासा टाकायला लावतो. तिन्ही वेळा जमण्याची शक्यता उरते १०० पैकी १७. डीसी कुठं वाढवला नाही, तरी काम जवळपास अशक्य करून ठेवलं. एका कामाला एक फासा. हुकला तर दोर तुटला, वेळ गेला, पहारेकऱ्याला आवाज गेला, असं काहीतरी घडू द्या. “नाही जमलं, पुन्हा टाक” असं म्हणू नका.

नैसर्गिक २० बद्दलचा गैरसमजही घट्ट बसलेला आहे. २० आले की हल्ला हमखास लागतो, आणि हिट पॉइंट शून्यावर येऊन पडलेल्या पात्रानं मृत्यूच्या फाशावर (मरणार की वाचणार ते ठरवणाऱ्या) २० आणले की ते १ हिट पॉइंट घेऊन उठतं. साध्या कामाच्या फाशावर २० ला असा काही मान नाही. सरपंचाला “गाव माझ्या नावावर कर” म्हटलं आणि २० पडले, तरी सरपंच गाव देत नाही. जे होणारच नाही त्याला फासा मागूच नका, आणि जे होणारच आहे त्यालाही नको.

नियम वाचायचा क्रम

वाद झाला की आधी ओळ मोठ्यानं वाचा. आठवणीतून बोलू नका, शब्द पाहा. कोणीतरी म्हणेल, “मी शत्रूच्या फुप्फुसात पाणी तयार करते.” मंत्रात शब्द आहेत ‘उघडं भांडं’. फुप्फुस उघडंही नाही आणि भांडंही नाही. संपलं. शब्दांनी निकाल लागला नाही तर त्याच लेव्हलचे दुसरे मंत्र काय करतात ते पाहा. पहिल्या लेव्हलचा कुठलाही मंत्र वाट्टेल त्या शत्रूला एका दमात मारत नाही, मग हाही मारणार नाही. तिसरं, विशेष नियम सामान्य नियमावर मात करतो. एखाद्या पात्राची खास शक्ती आणि सर्वांचा नियम यांत विरोध आला तर शक्तीचं ऐकायचं, पण तिनं सांगितलं तेवढ्यापुरतंच.

मराठीत खेळताना एक वेगळी अडचण येते. नियमातला ‘अटॅक’ आणि आपला ‘हल्ला’ एक नाहीत. अदृश्य करणारा मंत्र अटॅक केला किंवा दुसरा मंत्र म्हटला की तुटतो, आणि सर्वसाधारणपणे अटॅक म्हणजे जिथं हल्ल्याचा फासा पडतो ते. अदृश्य चोरानं गोठ्याचं दार उघडलं, बैल सोडले, कंदील विझवला, गावाच्या दृष्टीनं तो मोठा हल्ला झाला. नियमाच्या दृष्टीनं तो अजून अदृश्यच आहे. म्हणून ॲक्शन (डावातलं मुख्य काम), रिॲक्शन (कशालातरी लगेच दिलेलं उत्तर), अटॅक, सेव्ह (परिणाम टाळायचा फासा) हे शब्द तसेच ठेवा आणि बाकीचं सगळं आपल्या बोलीत बोला. ‘राउंड’ला फेरी, ‘टर्न’ला डाव म्हटलं तर चालतं, एक फेरी सहा सेकंदांची, तिच्यात प्रत्येकाचा एक डाव. ‘लेव्हल’ हा शब्द मात्र फसवा. पात्राची लेव्हल वेगळी, मंत्राची वेगळी. पाचव्या लेव्हलच्या जादूगाराला मंत्र मिळतात ते तिसऱ्या लेव्हलपर्यंतचे.

आणि नियमच नसेल तर? चोर म्हणतो, “कमरेच्या पुडीतली भिवापुरी मिरचीची पूड डोळ्यांत फेकतो.” पुस्तकात मिरची नाही. जवळचा नियम शोधा: डोळे आंधळे करणारा मंत्र दुसऱ्या लेव्हलचा आहे आणि तो एक मिनिटपर्यंत टिकतो. चार आण्याच्या पुडीनं मंत्रापेक्षा जास्त करता कामा नये, नाहीतर पुढच्या प्रत्येक लढाईत सगळे मिरचीच फेकतील. तेव्हा निवाडा असा: समोरचा पाच फुटांत हवा, एक ॲक्शन जाते, हल्ल्याचा फासा टाकायचा आणि त्यात प्रोफिशियन्सी नाही. लागली तर समोरच्यानं डीसी १० चा कॉन्स्टिट्यूशन (काटकपणाचा) सेव्ह करायचा, तो हुकला तर त्याच्या पुढच्या डावाच्या शेवटापर्यंत आंधळा. पुडी संपली. हे दोन मिनिटांत ठरवा, वहीत लिहा, आणि पुढच्या वेळी गोब्लिननं, म्हणजे बुटक्या राक्षसानं, मिरची फेकली तरी हेच लागू करा. गावच्या क्रिकेटमध्ये विहिरीत चेंडू गेला की आऊट हे नाणेफेकीआधी ठरलेलं असतं, म्हणून त्यावर भांडण होत नाही. बॅटिंगला कोण आहे ते पाहून ठरवलं की होतं.

वाघ, जवळून

पहिल्या लेव्हलच्या चौघांपुढं काय उभं करावं? लढतीचं वजन एक्सपी, म्हणजे अनुभवाच्या गुणांत, मोजतात. पात्रामागं २५ एक्सपी सोपी लढत, ५० मध्यम, ७५ कठीण, १०० जीवघेणी. चौघांना मध्यम म्हणजे २००. गोब्लिन ५० चा, म्हणून चार गोब्लिन ठेवले तर बेरीज २०० येते आणि डीएम निर्धास्त होतो. पण तीन ते सहा शत्रू असले की लढतीचं वजन मोजताना बेरजेला दोननं गुणायचं असतं. ४००, म्हणजे जीवघेणी. (२०२४ च्या सुधारित नियमांत हा गुणाकार काढून टाकला आहे, दोन आवृत्त्यांचे तक्ते एकत्र करू नका.)

एकटा वाघ २०० चा. कागदावर मध्यम. आता प्रसंग पाहा. पांदणीनं चौघं चालले आहेत, दोन्ही बाजूंना डोक्याएवढी तूर. वाघाच्या लपण्याचे +६. फाशावर ११, एकूण १७. चौघांपैकी सर्वांत सावध पात्राची बसल्या जागची नजर, म्हणजे १० अधिक मॉडिफायर, येते १३. कोणालाच दिसला नाही, चौघंही पहिल्या डावात गाफील. वाघ सरळ २० फूट झेप घेऊन जादूगारावर पंजा मारतो. लागला: फाशावर ४ आणि ३, एकूण ७. जादूगाराचे हिट पॉइंट ८. उरला १ चिंचोका. डीसी १३ चा स्ट्रेंग्थ (ताकदीचा) सेव्ह हुकला, तो खाली पडला. झेपेचा नियम म्हणतो की सावज पडलं तर बोनस ॲक्शनमध्ये, म्हणजे त्याच डावातल्या जादा छोट्या कामात, चावा. पडलेल्यावर जवळून हल्ला म्हणजे ॲडव्हांटेज, दोन फासे टाकून मोठा घ्यायचा. चावा लागला: ७ आणि ३, एकूण १०. एक हिट पॉइंट गेला, वर ९ उरले. उरलेलं नुकसान पात्राच्या पूर्ण हिट पॉइंटइतकं किंवा जास्त असेल तर मृत्यूचे फासे मिळत नाहीत. ९ हे ८ पेक्षा जास्त. जादूगार संपला, आणि अजून कोणाचा डाव आलेला नाही.

डीएमनं इथं एकही नियम मोडला नाही, तरी ती संध्याकाळ खराब झाली. तक्ता सरासरी सांगतो, गाफीलपणा आणि झेप एकत्र आली की सरासरी उडते. उपाय लढतीच्या आधी करायचा असतो. पांदणीच्या चिखलात पंजाचे ओले ठसे दाखवा, वानर ओरडू द्या, गुराख्याला बोलू द्या: “कुठी चाल्ले बाप्पा एवढ्या रात्रीचे?” मग खेळाडू सावध होऊन पुढं गेले तर ती त्यांची निवड. आणि वाघाला वाघासारखं वागवा. त्याचे ३७ हिट पॉइंट आहेत. निम्मे गेले की जनावर पळतं, शेवटच्या थेंबापर्यंत लढत नाही. वाकून मोहफुलं वेचणारा माणूस आणि दिवट्या घेऊन उभे चौघं यांत तो फरक करतो.

हेच सगळं चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या टेबलावर बोलण्याआधी एक गोष्ट विचारून घ्या. ज्या घरात वाघानं माणूस नेला आहे, त्या घरातलं कोणी खेळायला बसलेलं असेल. कर्ज आणि आत्महत्या हा विषयही इथं कोणाच्या ना कोणाच्या दारातला आहे. पहिल्या सेशनच्या आधी अर्धा तास बसून काय आणायचं नाही ते ठरवा. ज्याला मोठ्यानं सांगायचं नाही त्यानं चिठ्ठीवर लिहावं, कारण विचारू नये. तो विषय मग येत नाही, बस्स.

कथेचे थर

लोणारचं उदाहरण घ्या. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर उल्का आदळून बेसाल्टमध्ये झालं, हे भूशास्त्र सांगतं. लोणासुर तिथं दडला होता आणि विष्णूनं दैत्यसूदन होऊन त्याला मारलं, हे गाव सांगतं. जून २०२० मध्ये तळं गुलाबी झालं, तपासात खाऱ्या पाण्यातले सूक्ष्मजीव निघाले. पण तपास येईपर्यंत प्रत्येकाजवळ आपापलं उत्तर होतं.

कॅम्पेनची कथा अशीच लिहायची. तुमच्या जगातलं तळं एका रात्रीत लाल झालं. डीसी १० ला गावकऱ्यांचं म्हणणं कळतं, १५ ला मठातल्या पोथीतलं, २० ला जुन्या शिलालेखातलं. तिन्ही एकमेकांशी थोडी जुळतात, थोडी भांडतात. खरं काय ते फक्त डीएमच्या वहीत, दोन ओळींत. दोन ओळींपेक्षा जास्त लिहू नका. पन्नास पानांचा इतिहास लिहिला की तो वाचून दाखवायचा मोह होतो आणि खेळाडू जांभया देतात. टेबलावर मोठ्यानं बोललं गेलं ते पक्कं, वहीतलं न बोललेलं बदलता येतं.

नावं मात्र आपली ठेवा. आणि ज्या देवापुढं आजही नारळ फुटतो त्याला हिट पॉइंट देऊ नका. वाघदेवाचं ठाणं नकाशावर असू शकतं, लोक तिथं थांबून हात जोडू शकतात. त्याला लढाईत उतरवायचं कारण नाही.

एक सुरई

पुन्हा पाण्याकडं. जादूच्या वस्तूंत ‘डिकँटर ऑफ एंडलेस वॉटर’ नावाची सुरई आहे. दुर्मीळतेत ती खालून दुसऱ्याच पायरीवर येते, म्हणून डीएम सहज बक्षीस देऊन टाकतो. तिला एका शब्दानं १ गॅलन पाणी येतं, दुसऱ्यानं ५, तिसऱ्यानं ३०. एक ॲक्शन, सहा सेकंद. मिनिटात दहा वेळा म्हटलं तर ३०० गॅलन, सुमारे १,१३५ लिटर. आठ तास पाळीपाळीनं म्हणत राहिले तर एका एकरावर तेरा सेंटिमीटर पाणी उभं राहील. पंचवीस पुजाऱ्यांना जे जमलं नाही ते एका सुरईनं झालं.

न वाचता दिली तर दुष्काळाची कथा एका सेशनमध्ये मेली. वाचून दिली तर कॅम्पेन इथंच सुरू होतं. आधी कोणाचं वावर? रात्रीची पाळी कोणाची? शब्द कोणाकोणाला माहीत आहे? खालच्या गावाला कळलं तर? नेमका तिसरा शब्द फक्त एका म्हातारीला ठाऊक असला तर तिच्या ओसरीवर पहारा बसेल, आणि खेळाडूंना ठरवावं लागेल की पहारेकऱ्यांच्या बाजूचे की म्हातारीच्या.

हंगाम आणि वही

ऑक्टोबरपासून सोयाबीन आणि मग वेचणी, त्यात दर आठवड्याला चौघं जमत नाहीत. एप्रिल-मेमध्ये, ऊन उतरल्यावर गच्चीवर, तीन-तीन तासांची सहा ते आठ सेशन बसतात. मृग लागायच्या आत संपेल एवढाच डाव मांडा. कोणी आलं नाही तर त्याचं पात्र मुक्कामी थांबलं असं धरा, त्याचे फासे दुसऱ्यानं टाकू नयेत, आणि एक्सपी सगळ्यांना सारखेच द्या. शेतीच्या कामानं गैरहजर राहिलेल्याला मागं पाडू नका.

वहीचे तीन भाग करा: दिलेले निवाडे, बोललेली नावं, आणि कोण कोणाला काय देणं लागतं ते. मृगाआधीच्या शेवटच्या सेशनला एक पान जास्त लिहा: कोण कुठं उभं आहे, किती हिट पॉइंट, किती स्लॉट उरले, मिरचीच्या किती पुड्या, सुरई कोणाजवळ, आणि शेवटचं वाक्य कोण बोललं. त्या पानाचा फोटो सगळ्यांच्या फोनवर गेला की वेचणीनंतर तिथूनच सुरू करता येतं.